गोफणीला बांबूचा हात

जोंधळ्याची कणसं भरली की पाखरं राखायला माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणारी माणसं अथणी, चिकोडीकडच्या लोकांना नवी नाहीत. दंडाची ताकद तीच, पण हातानं भिरकावलेला खडा जवळच पडतो आणि गोफणगुंडा रानाच्या पार जातो. हीच गोफण एका लांब दांड्याच्या टोकाला बांधली आणि दंडाच्या जागी जड वजन लावलं, की मध्ययुगातलं किल्ले फोडणारं ट्रेबुशे तयार होतं.

मोबाईलवर लढाईचे खेळ खेळणाऱ्या मुलांना हे यंत्र चांगलं ओळखीचं आहे. पण दांडा वर उसळतो आणि दगड फेकतो, एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. खरी करामत गोफणीची आहे. संगणकावर हे यंत्र चालवून दाखवणाऱ्या सिम्युलेटरमध्ये गोफणीची लांबी अगदी कमी करून पाहा, पल्ला धाडकन घसरतो.

होतं असं. वजन खाली येऊ लागलं की दांड्याचं लांब टोक वर उचललं जातं आणि गोफण जमिनीवरून दगड ओढत नेते. दगड सुरुवातीला दांड्याच्या मागे राहतो. दांडा उभा होत आला की मागे पडलेली गोफण झपाट्यानं वळून पुढे येते, आसुडाचं टोक येतं तशी. या वळणात गोफणीचा ताण दांड्याला उलट दिशेनं खेचतो, म्हणजे दांड्याला ब्रेक लागतो. दांडा मंदावतो, त्याला जोडलेलं वजनही मंदावतं, आणि त्यांची ऊर्जा दगडात जाते. उत्तम जुळलेल्या यंत्रात दगड सुटण्याच्या क्षणी वजन जवळजवळ थबकलेलं दिसतं. हा क्षण सिम्युलेटरमध्ये सावकाश चालवून बघावा. डोळ्यांदेखत ऊर्जा एका वस्तूतून दुसरीत जाताना इतकी स्पष्ट दिसणारी दुसरी जागा मला माहीत नाही.

आता थोडं गणित. १० किलो वाळूचा डबा ०.६ मीटर खाली आला तर सुमारे ५९ ज्यूल ऊर्जा मिळते. ती सगळी १०० ग्रॅमच्या मातीच्या गोळ्याला मिळाली, तर त्याचा वेग सेकंदाला ३४ मीटरच्या आसपास जातो. हवेचा विरोध सोडला आणि गोळा ४५ अंशांत सुटला, तर तो १२० मीटरवर पडेल. यातलं सूत्र फार सुंदर आहे. वेगाचा वर्ग म्हणजे दोन गुणिले वस्तुमानांचं गुणोत्तर गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. पल्ला काढताना वेगाच्या वर्गाला पुन्हा गुरुत्वत्वरणानंच भागायचं. ते वर आणि खाली दोन्हीकडे असल्यानं उडून जातं. उरतं ते एवढंच: पल्ला बरोबर वस्तुमानांचं गुणोत्तर गुणिले वजन खाली येण्याची उंची, आणि त्याची दुप्पट.

म्हणजे हेच यंत्र चंद्रावर नेलं तरी गोळा तितक्याच अंतरावर पडेल! सगळं सुमारे अडीच पट सावकाश घडेल, पण मार्ग तोच. रबराच्या बेचकीचं तसं नाही. तिचा खडा चंद्रावर सहा पट लांब जाईल, कारण रबराची ऊर्जा गुरुत्वाकर्षणावर अवलंबून नसते. ज्या सिम्युलेटरमध्ये गुरुत्वाकर्षण बदलता येतं आणि हवा बंद करता येते, त्यात हे लगेच पडताळता येतं. घरच्या परड्यात चंद्र कुठून आणणार?

वजनांच्या जोरावर कायम फिरणारं चाक आणि त्यातून फुकट वीज, असे व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर फिरत असतात. त्यावर विश्वास ठेवणाऱ्यानं ट्रेबुशेचा डबा एकदा स्वतः वर उचलावा. ५९ ज्यूल मिळतात ते आपण आधी उचलताना घातलेले असतात म्हणून. खाली आलेलं वजन आपोआप वर जात नाही.

इतिहासातही हे यंत्र फक्त युरोपचं नाही. माणसांनी दोर ओढून चालवायची त्याची आवृत्ती चीनमधली. वजनाच्या आवृत्तीचं वर्णन बाराव्या शतकात इजिप्त-सीरियाचा सुलतान सलादिन याच्यासाठी लिहिलेल्या ग्रंथात आहे. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनं १३०४ मध्ये स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या वेढ्यात एक प्रचंड ट्रेबुशे उभं केलं होतं. आपल्याकडं १३०१ मध्ये रणथंबोरच्या वेढ्यात खिलजीचा सरदार नुसरत खान किल्ल्यातून आलेल्या दगडानं मेला. पुढं बंदुकीची दारू आली. बहमनी वजीर महमूद गावाननं १४७२ च्या सुमारास बेळगावचा किल्ला घेतला तो सुरुंग लावून, असं इतिहासकार फरिश्ता लिहितो.

घरी करायचं तर सहा फुटांचा बांबू पुरतो. आस अशा ठिकाणी बसवा की लांब बाजू आखूड बाजूच्या चौपट होईल. वाळूचा डबा पक्का न ठोकता लोंबता ठेवा. तो जास्त सरळ खाली येतो. गोफण लांब बाजूएवढी. तिचं एक टोक बांबूला बांधायचं, दुसऱ्याला कडी लावून ती टोकावरच्या खिळ्यात अडकवायची. मग फक्त खिळ्याशी खेळा. तो पुढं थोडा वाकवला तर कडी उशिरा सुटते आणि गोळा खालून जातो. सरळ ठेवला तर लवकर सुटते आणि गोळा उंच चढतो, कधी मागंही येतो. म्हणून यंत्र सोडायची दोरी ओढताना पोरांना यंत्राच्या पुढंही उभं करू नये आणि मागंही. बाजूलाच, आणि तेही बांबूच्या लांबीच्या बरंच पलीकडं.