सुस्त (विशेषण)

सुस्त : अंगातील तरतरी, उत्साह किंवा वेग ओसरला आहे, असे सांगणारे मराठीतील विशेषण. ज्याच्याकडून हालचालीची अपेक्षा असते त्यालाच ते लागते. दगडाला कोणी सुस्त म्हणत नाही. पण थंडीतल्या सकाळी त्याच दगडावर ऊन खात पडलेला साप सुस्त असतो, कारण ऊन अंगात मुरले की तो सळसळत निघून जाणार, हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. ही स्थिती आज आहे, मघाशी नव्हती आणि थोड्या वेळाने नसेल, असा एक अध्याहृत भाग या शब्दात जवळजवळ नेहमी असतो.

हा शब्द फारसीतून मराठीत आला. मूळ फारसीत त्याचा अर्थ सैल, कमकुवत, कच्चा असा आहे. सैल बसलेली गाठ किंवा कच्चा पायादेखील तिथे ‘सुस्त’च, आणि आळशी माणसासाठी तिथे ‘तंबल’ हा वेगळा शब्द आहे. मराठीने वस्तूंचा सैलपणा ‘ढिला’, ‘सैल’, ‘शिथिल’ या शब्दांकडे ठेवला आणि ‘सुस्त’ला शरीराकडे वळवले. हिंदीत ‘चुस्त’ आणि ‘सुस्त’ ही विरुद्धार्थी जोडी प्रचलित आहे. मराठीत ‘चुस्त’ म्हटले की अंगाला घट्ट बसणारे कपडे आठवतात, त्यामुळे ती जोडी इथे रुजली नाही. सुस्तच्या उलट म्हणून आपण ‘तरतरीत’, ‘चपळ’ किंवा ‘टवटवीत’ यांपैकी प्रसंगाला शोभेल तो शब्द वापरतो. तसेच हिंदीतील ‘सुस्ताना’ म्हणजे थोडे थांबून दम खाणे. त्यानंतर माणूस ताजातवाना होतो. मराठीतील ‘सुस्तावणे’ मात्र ताजेपणा गेल्याचे सांगते.

व्याकरणदृष्ट्या हे अविकारी विशेषण आहे. सुस्त मुलगा, सुस्त मुलगी, सुस्त वासरू, सुस्त बैलांना, अशा कोणत्याही लिंगवचनात किंवा विभक्तीत त्याचे रूप बदलत नाही. ‘ढिला’चे ढिली, ढिले, ढिल्या होते तसे याचे होत नाही. जोडाक्षराच्या आधी आल्यामुळे त्यातील उकार ऱ्हस्व लिहितात. त्यापासून ‘सुस्ती’ हे नाम आणि ‘सुस्तावणे’ हे क्रियापद होते, आणि बोलण्यात खरी वर्दळ या दोघांचीच अधिक असते. ‘तो सुस्त आहे’ हे वाक्य नुसती अवस्था सांगते, तर ‘तो सुस्तावला आहे’ यात आधीची तरतरी आणि नंतरची मरगळ अशा दोन्ही वेळा येतात. सुस्ती ‘येते’ किंवा ‘चढते’; ती कोणी ‘करत’ नाही. ही क्रियापदे पाहिली तरी, मराठी बोलणारा सुस्तीकडे बाहेरून अंगावर आलेली गोष्ट म्हणून पाहतो, असे दिसते.

शेजारच्या शब्दांपासून त्याचा फरक नेमका इथेच पडतो. ‘आळशी’ हा स्वभावावर ठेवलेला ठपका आहे. आळशी माणूस भरपूर झोप झाली तरी आळशीच राहतो. ‘संथ’ हा शब्द वेग सांगतो आणि बहुधा कौतुकाने सांगतो. घाटापाशी पात्र रुंदावलेली नदी संथ असते. ‘मंद’ हेही माप आहे, पण ते प्रकाश, वास, आच आणि बुद्धी यांनाही लागते. पंचांगात शनीचे एक नाव मंद आहे, कारण सूर्याभोवतीची एक फेरी पुरी करायला त्याला सुमारे २९.५ वर्षे लागतात; पण शनीला सुस्त म्हणता येत नाही, कारण तो थकून रेंगाळलेला नसतो, त्याची चालच तेवढी असते. ‘मठ्ठ’ आणि ‘ढिम्म’ हे शब्द समज किंवा प्रतिसाद नसल्याबद्दल आहेत. ‘बैल सुस्त झाला’ म्हटल्यावर शेतकरी त्याचे कान, डोळे आणि रवंथ पाहतो. ‘बैल आळशी आहे’ म्हटल्यावर तो चाबूक शोधतो.

रोजच्या वाक्यांत सुस्तीची कारणे मोजकीच असतात : जागरण, उकाडा, आजारपण आणि जेवण. यांपैकी जेवणाला मराठीत खास मान आहे. पुरणपोळी दूध-तूप घालून खाल्ली, वर कटाची आमटी आणि भात झाला, की पानावरून उठतानाच कोणीतरी म्हणते, ‘आज जेवण अगदी अंगावर आलं.’ या वाक्यात सुस्त हा शब्द नसतो, तरी त्याचा याहून चांगला अर्थ कोणत्याही कोशात सापडणार नाही. मग सतरंजी पसरली जाते, आणि ‘जरा सुस्ती आली आहे, पाचच मिनिटं’ असे सांगून घरातील मोठी माणसे डाव्या कुशीवर वळतात. सणाच्या दिवशी या सुस्तीबद्दल कोणी कोणाला बोल लावत नाही; स्वयंपाक करणाऱ्यांना ती एकप्रकारे मिळालेली पावतीच वाटते.

हा शब्द कारभाराला जोडला की ही सगळी सवलत संपते. ‘सुस्त प्रशासन’, ‘सुस्त यंत्रणा’ या वृत्तपत्री जोड्यांत तो सरळ दोषारोप होतो, कारण यंत्रणेला ना जागरण होते ना जेवण अंगावर येते. बाजाराच्या बातम्यांत मात्र तो सौम्य आहे : ‘दिवसभर बाजारात सुस्ती होती’ म्हणजे उलाढाल थोडी झाली, भाव फारसे हलले नाहीत. ‘मंदी’ ही त्याहून लांबणारी आणि धंदा बुडवू शकणारी गोष्ट आहे.

वैद्यकीय वापरात हा शब्द सर्वांत काटेकोर होतो. दोन महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाला जुलाब झाले असतील, तर शरीरातील पाणी किती घटले आहे हे ठरवताना चार प्रमुख लक्षणे पाहतात : मूल सुस्त किंवा बेशुद्ध आहे का, डोळे खोल गेले आहेत का, पाणी पिता येत नाही किंवा नीट पीत नाही असे आहे का, आणि पोटाच्या कातडीची चिमटी सोडल्यावर ती पूर्ववत व्हायला दोन सेकंदांहून अधिक वेळ लागतो का. यांतील कोणतीही दोन आढळली, तर ती तीव्र निर्जलता मानली जाते. अडचण अशी की आई ‘सुस्त’ म्हणेलच असे नसते. ती ‘मलूल पडलंय’, ‘गळून गेलंय’ किंवा नुसते ‘आज खेळत नाही’ असे म्हणते. उलट नुकतेच दूध पिऊन पेंगणाऱ्या बाळालाही घरात सुस्तच म्हणतात. म्हणून तपासणारी व्यक्ती शब्दावर विसंबत नाही. मुलाला जागे करायला सांगून ती पाहते, की ते आईकडे बघते का, टाळी वाजवल्यावर मान वळवते का, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्याची नजर ठरते का. जागे असूनही त्याची नजर शून्यात लागलेली असेल, तर ते सुस्त.