हॉटेलातलं गाणं आणि मांडवातला अँप्लिफायर

नाशकात कॉलेज रोडला किंवा गंगापूर रोडला नवं हॉटेल निघालं की रंग, झुंबरं आणि मेन्यूकार्डावर महिनाभर खल चालतो. स्पीकरची आठवण होते ती उद्घाटनाच्या आदल्या दिवशी. मग ओळखीच्या साउंडवाल्याला फोन जातो, तो दोन कोपऱ्यांत दोन भलेमोठे बॉक्स टांगून जातो. बॉक्सखालच्या टेबलावर ऑर्डर ओरडून द्यावी लागते आणि बेसिनजवळच्या टेबलावर नुसती धपधप पोहोचते. यात त्या साउंडवाल्याला बोल लावण्यात अर्थ नाही. आपल्याकडे हे सामान आलंच वेगळ्या कामासाठी.

१९१५ साली कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या जोडीने तारेच्या हलत्या वेटोळ्याला कर्णा जोडला आणि हजारोंच्या गर्दीला भाषण ऐकवून दाखवलं. दहा वर्षांनी, १९२५ मध्ये, चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कर्णा काढून टाकला आणि कागदी शंकूचा स्पीकर केला. आजचे घरातले, गाडीतले, छतातले स्पीकर याच घराण्यातले. एक मैदानासाठी, दुसरा खोलीसाठी. आपल्या गावात आधी पोहोचला तो पहिला: सभा, जत्रा, गणपती, लग्न. अहुजाची दिल्लीतली कंपनी १९४० सालची. पुढे कित्येक मांडवांत अँप्लिफायर म्हटलं की तेच नाव घेतलं जाऊ लागलं.

जेवताना मागे हळू संगीत लावून ठेवायचं, ही कल्पना विकली जॉर्ज स्क्वायर या अमेरिकी लष्करी अभियंत्याने. तारांवरून संगीत पोहोचवायच्या त्याच्या धंद्याला १९३४ मध्ये ‘म्यूझॅक’ हे नाव मिळालं; म्युझिक आणि कॅमेऱ्यांची कंपनी कोडॅक यांची ती मोडतोड. आधी घरोघरी द्यायचा बेत होता, पण खरी गिऱ्हाइकं ठरली हॉटेलं.

आपल्या हॉटेलात मात्र गाणं आलं ते गल्ल्यामागच्या फळीवरच्या रेडिओतून. १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांना सिनेसंगीत रुचत नव्हतं. आकाशवाणीवर त्याची गळचेपी झाली आणि श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे गेले. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली ती त्यांना परत आणायला. त्या रेडिओचा स्पीकर एकच आणि लहान. ज्याला गाणं हवं तो गल्ल्याजवळ सरकायचा, ज्याला गप्पा हव्यात तो लांब बसायचा. ही सोय आजच्या कित्येक हॉटेलांत नाही.

पुढे टेप आली, हॉटेलं मोठी झाली, रेडिओचा आवाज पुरेना. तेव्हा मांडवातलंच सामान आत आलं आणि घोळ तिथे झाला. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. बंद खोलीत भिंती थोडा परत देतात, पण हिशेब तोच: एकाच कोपऱ्यातून शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचायचं तर पहिल्या टेबलाला बडवावं लागतं. त्यावर उपाय म्हणजे छतात बरेच छोटे स्पीकर, प्रत्येक हळू.

गंमत अशी की त्या उपायाची सोय मांडवाच्या अँप्लिफायरवर आधीपासून असते. अशा अँप्लिफायरच्या मागे स्क्रूची पट्टी असते: ४, ८, १६ ओहम आणि शेजारी ७०, १०० व्होल्ट. बहुतेक जण ८ वर वायर कसतात आणि शंभराच्या स्क्रूला हातही लावत नाहीत. ८ ओहमच्या स्पीकरला ३० वॅट द्यायचे तर तारेतून जवळपास १.९ अँपिअर वाहतात. शंभराच्या लाइनवर तेवढ्याच वॅटना ०.३ पुरतात. तारेतलं नुकसान करंटच्या वर्गाने वाढतं, म्हणून लांबच्या वायरीला हीच लाइन सोयीची. प्रत्येक स्पीकरला चिमुकला ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्यावर दीड, तीन, सहा वॅटचे टॅप, म्हणजे त्या स्पीकरने किती वॅट घ्यायचे ते ठरवणाऱ्या जोडण्या. बारा स्पीकर तीन-तीन वॅटवर लावले की झाले ३६. साठ वॅटचा अँप्लिफायर निवांत चालतो.

माझ्या एका मित्राने हे न ऐकता घरातल्या अँप्लिफायरला ८ ओहमचे चार स्पीकर एकाच जोडीवर जोडले. भार उतरला दोन ओहमवर; ओहम जितके कमी तितका करंट जास्त ओढला जातो. शनिवारी रात्री, हॉटेल भरलेलं असताना, डबा तापून बंद पडला. वरून पंखा लावून पाहिला, काही उपयोग झाला नाही.

कायद्याचं कलम मागाहून आलं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल, रहिवासी भागात ५५ आणि ४५; रात्र धरायची दहा ते सहा. बागेत झोपाळे टांगून मिसळ देणाऱ्यांनी हे जास्त बघायला हवं, कारण त्यांच्याकडे आवाज अडवायला भिंतच नसते. शिवाय हॉटेलात गाणं वाजवणं हे सार्वजनिक वादन ठरतं, त्याचा परवाना वेगळा. तो देणाऱ्या संस्थांपैकी पीपीएल (रेकॉर्ड कंपन्यांची) १९४१ पासूनची, आयपीआरएस (गीतकार-संगीतकारांची) १९६९ ची. यांची पत्रं आली की मालकांना फसवणूक वाटते, पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याला धरूनच ती येतात.

मित्राने शेवटी बारा स्पीकर बसवले. तरी रविवारी गर्दी वाढली की वेटर आवाज वाढवायचा, मग लोक आणखी मोठ्याने बोलायचे, मग तो आणखी वाढवायचा. गोंगाटात माणूस आपोआप मोठ्याने बोलतो, हे एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टराने १९११ मध्येच मांडलं होतं. आता अँप्लिफायरच्या बटणाशेजारी लाल मार्करची एक रेघ आहे. काटा तिच्यापुढे गेलेला दिसला की गल्ल्यावरचे काका उठतात आणि न बोलता मागे आणतात.