स्पॅनिशमधील साधा भूतकाळ: नियमित क्रियापदांची रूपे

एखादी क्रिया घडली आणि तिथेच संपली, हे सांगणारा स्पॅनिश काळ. स्पॅनिश राजअकादमीच्या व्याकरणात त्याचे नाव 'प्रेतेरितो पेर्फेक्तो सिंप्ले'. चिलीत स्थायिक झालेले व्हेनेझुएलाचे व्याकरणकार आंद्रेस बेल्यो यांनी १८४७ साली त्याला नुसते 'प्रेतेरितो' म्हटले. ते सुटसुटीत नाव अधिक सोयीचे वाटते.

स्पॅनिश क्रियापदाचे मूळ रूप आर, एर किंवा ईर या प्रत्ययाने संपते. तो काढून उरलेल्या धातूला काळाचे प्रत्यय लागतात. 'आब्लार' म्हणजे बोलणे. त्याची रूपे अशी: आब्ले (मी बोललो), आब्लास्ते (तू बोललास), आब्लो (तो किंवा ती बोलली), आब्लामोस (आम्ही बोललो), आब्लास्तेइस (तुम्ही बोललात), आब्लारोन (ते बोलले). 'कोमेर' म्हणजे खाणे: कोमी, कोमिस्ते, कोम्यो, कोमिमोस, कोमिस्तेइस, कोम्येरोन. ईर गटाला वेगळे पाठांतर लागत नाही. 'बिबीर' (राहणे, जगणे) हे क्रियापद या काळात हुबेहूब 'कोमेर'सारखे चालते.

मराठी माणूस अडखळतो तो प्रत्ययांपाशी नव्हे, प्रयोगापाशी. आपण 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी पोळी खाल्ली' म्हणतो, म्हणजे क्रियापद कर्माच्या मागे जाते. स्पॅनिशमध्ये आंबा असो वा पोळी, 'कोमी' तसेच राहते. क्रियापद फक्त कर्त्याचे पुरुष आणि वचन पाहते, लिंग नाही. प्रत्ययातून कर्ता कळत असल्याने 'मी', 'तू' ही सर्वनामे बहुधा गाळली जातात.

या काळाचा खरा कणा म्हणजे आघात. 'आब्लो' उच्चारताना 'आ'वर जोर दिला तर 'मी बोलतो', आणि 'ब्लो'वर दिला तर 'तो बोलला'. 'मी' आणि 'तो'च्या रूपांत लिहितानाही शेवटच्या स्वरावर आघातचिन्ह द्यावेच लागते. याचे मूळ लॅटिनमध्ये आहे. 'आमाविट' (त्याने प्रेम केले) या रूपात जोर 'मा'वर होता. पुढची अक्षरे झिजून त्यातच मिसळली आणि 'आमो' उरले. आघात जागचा हलला नाही, म्हणून तो आता शब्दाच्या टोकाला दिसतो.

'आब्लामोस' मात्र वर्तमानातही तेच आहे. 'आयेर' (काल) असा एखादा शब्द किंवा संदर्भच काळ ठरवतो. एर गटात ही अडचण नाही, कारण तिथे वर्तमानात 'कोमेमोस' आणि भूतकाळात 'कोमिमोस' येते.

काही क्रियापदांत उच्चार टिकवण्यासाठी 'मी'च्या रूपाचे स्पेलिंग बदलते, जसे 'बुस्कार' (शोधणे) पासून 'बुस्के'. कानाला ते नियमितच आहे.

'बोलायचो', 'बोलत असे' या अर्थाने मात्र हा काळ चालत नाही. तिथे 'आब्लाबा' हे अपूर्ण भूतकाळाचे रूप येते. आपला रीतिभूतकाळ मनात ठेवला तर हा भेद लवकर उमगतो.

वापर प्रदेशागणिक बदलतो. आज सकाळी नाश्ता केला हे सांगताना मेक्सिकोत साधा भूतकाळ, 'देसायुने', म्हणतात. माद्रिदमध्ये त्याच प्रसंगी 'ए देसायुनादो' हे संयुक्त रूप येते. लॅटिन अमेरिकेत 'आब्लास्तेइस' हे रूप बोलण्यात नाही, तिथे 'तुम्ही'साठीही 'आब्लारोन'च वापरतात.