मध्यरात्रीच्या वेळापत्रकात व्हिडिओ गेम: ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील एका प्रयोगाची पार्श्वभूमी

ब्रिटनमधील ‘चॅनल 4’ या वाहिनीने 1999 मध्ये ‘बिट्स’ हा व्हिडिओ गेमविषयक कार्यक्रम सुरू केला, तेव्हा त्याच्या वाट्याला आली ती रात्री उशिराची वेळ. वाहिनीने तरुण प्रेक्षकांसाठी ‘4लेटर’ या नावाने रात्रीच्या कार्यक्रमांची एक मालिकाच आखली होती आणि ‘बिट्स’ तिचा भाग होता. जेमतेम दीड वर्षापूर्वीपर्यंत याच वाहिनीवर गेमविषयक कार्यक्रम संध्याकाळी, मुले शाळेतून घरी येऊन टीव्हीसमोर बसलेली असताना लागत असे. विषय तोच आणि वाहिनीही तीच असताना वेळ मात्र संध्याकाळवरून अपरात्री कशी गेली, हे समजण्यासाठी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मागे जावे लागते.

7 जानेवारी 1992 रोजी चॅनल 4 वर संध्याकाळचा ‘गेम्समास्टर’ हा गेमविषयक कार्यक्रम सुरू झाला. निवेदक होता डॉमिनिक डायमंड हा तरुण स्कॉटिश पत्रकार. पहिल्या मालिकेचे चित्रीकरण लंडनमधील एका जुन्या चर्चमध्ये आणि दुसऱ्या मालिकेचे समुद्रातील तेलविहिरीचा देखावा उभारून करण्यात आले. स्पर्धकाला एखाद्या गेममधील अवघड टप्पा ठरावीक वेळेत पार करण्याचे आव्हान दिले जाई आणि तो जिंकल्यास त्याला सोनेरी जॉयस्टिक मिळे. या सगळ्यावर पडद्यातून नजर ठेवणारा सर्वज्ञ ‘गेम्समास्टर’ म्हणजे खगोल-अभ्यासक पॅट्रिक मूर यांचा धातूच्या शिरस्त्राणातील चेहरा. मुले त्यांच्यापुढे उभी राहून अमुक गेममध्ये आपण कुठे अडकलो आहोत ते सांगत आणि मूर कमालीच्या गांभीर्याने कोणती बटणे कोणत्या क्रमाने दाबायची याचा उपदेश करीत. मूर 1957 पासून बीबीसीवर आकाशदर्शनाचा कार्यक्रम सादर करीत होते आणि तो बहुधा रात्री उशिरा लागे; म्हणजे ग्रहताऱ्यांसाठी रात्र आणि गेमसाठी संध्याकाळ अशी ही वाटणी होती.

त्याच वर्षी आयटीव्ही या दुसऱ्या वाहिनीवर मुलांच्या वेळेत ‘बॅड इन्फ्लुएन्स’ हा गेमविषयक कार्यक्रम आला. अँडी क्रेन आणि व्हायोलेट बर्लिन हे त्याचे निवेदक होते. या कार्यक्रमाची एक क्लृप्ती मुद्दाम सांगण्याजोगी आहे. भाग संपताना मजकुराने भरलेली अनेक पाने डोळ्यांना वाचता येणार नाहीत इतक्या वेगाने पडद्यावरून सरकत जात. घरच्या व्हीसीआरवर ती ध्वनिचित्रमुद्रित करायची, मग टेप थांबवत थांबवत एकेक पान वाचायचे, अशी त्यामागची योजना होती. गेमची समीक्षा, गेममधील छुप्या युक्त्या आणि बातम्या असा जो ऐवज मासिकात सापडे, तो काही क्षणांत घरोघरी पोहोचवण्याची ही युक्ती इंटरनेटपूर्व काळातील आहे, हे लक्षात घेतले की तिचे महत्त्व कळते. पानांच्या स्वरूपात माहिती देण्याचे काम टेलिटेक्स्ट या टीव्हीच्या पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या सेवेवरही चालू होते. ‘डिजिटायझर’ हे गेमविषयक सदर 1993 पासून तब्बल दशकभर चालले आणि त्याच्या तिरकस विनोदाचा ठसा पुढच्या लेखकांवर उमटला.

संध्याकाळच्या या कार्यक्रमांत एक अंतर्विरोध मात्र पहिल्यापासून होता. डायमंड यांची भाषा द्व्यर्थी कोट्यांनी भरलेली असे. समोर बसलेल्या मुलांना त्यांतील बरेचसे कळत नसे आणि ज्या थोरल्यांना कळे, ते त्या कोट्यांसाठीच कार्यक्रम पाहत. हा कार्यक्रम खऱ्या अर्थाने मुलांचा कधीच नव्हता, असे म्हणायला जागा आहे.

सप्टेंबर 1995 मध्ये सोनीचे प्लेस्टेशन ब्रिटनमध्ये 299 पौंडांना विक्रीस आले आणि हा अंतर्विरोध उघडा पडला. सोनीने आपले यंत्र खेळण्यांच्या दुकानाइतकेच रात्रीच्या नृत्यगृहांतून लोकांपुढे नेले. लिव्हरपूलच्या सिग्नोसिस कंपनीच्या ‘वाइपआउट’ या गेममध्ये नृत्यगृहांत वाजणारे इलेक्ट्रॉनिक संगीत होते. डर्बी येथील कोअर डिझाइनचा ‘टूम्ब रेडर’ 1996 मध्ये आला आणि त्याची नायिका नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर झळकू लागली. दहाव्या वर्षी स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावर कॅसेट लावून खेळणारी पिढी आता नोकरीला लागली होती आणि तिच्या हातात स्वतःचा पैसा होता. गेमचे विषयही तिच्याबरोबर वाढले. 1997 मध्ये पादचाऱ्यांना चिरडणाऱ्या ‘कारमॅगेडन’ला चित्रपट परीक्षण मंडळाने प्रमाणपत्र नाकारले, माणसांऐवजी हिरव्या रक्ताचे झॉम्बी घालून तो बाजारात आणावा लागला आणि पुढे अपिलात निर्णय फिरला. त्याच वर्षी आलेल्या, डंडीच्या डीएमए डिझाइनने तयार केलेल्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ची चर्चा तर तो प्रसिद्ध होण्याआधीच थेट हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये झाली. ब्रिटनमध्ये रात्री नऊच्या आधी प्रौढांसाठीचा आशय दाखवण्यावर बंधने असल्याने असे गेम सायंकाळच्या कार्यक्रमात मोकळेपणाने दाखवणे किंवा त्यांवर बोलणे अवघडच होते. 1998 मध्ये ‘गेम्समास्टर’ सात मालिकांनंतर बंद झाला.

‘बिट्स’ या मोकळ्या झालेल्या जागेत आला. स्कॉटलंडमधील आयडियल वर्ल्ड या संस्थेने तो तयार केला आणि एमिली बूथ, अलेक्स क्रोटोस्की व एमिली न्यूटन डन या तिघी तो सादर करीत. गेमविषयक मासिके त्या काळी जवळजवळ पूर्णपणे पुरुषांची, पुरुषांसाठीची होती. त्यामुळे गेमचे कौतुक आणि टिंगल या दोन्हींचा अधिकार तिघा स्त्रियांकडे असणे हीच मोठी नवलाई होती. वाहिनीच्या हिशेबात तरुण पुरुष प्रेक्षकांना खिळवून ठेवण्याचा भाग नव्हता, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल, पण निवेदिकांनी त्या चौकटीत आपापला आवाज कमावला. क्रोटोस्की यांनी पुढे ‘थंब बँडिट्स’ हा कार्यक्रम इयन ली यांच्यासह केला, सामाजिक मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि 2010 मध्ये बीबीसीसाठी इंटरनेटच्या इतिहासावरील मालिका सादर केली.

रात्रीची वेळ स्वस्त होती आणि त्या वेळी मोजक्याच प्रेक्षकांच्या बळावर तगून राहता येई. विक्षिप्त प्रहसने आणि दुर्लक्षित गेमवरील चर्चा यांना तिथे वाव मिळाला तो यामुळेच. मात्र कमी खर्चात चालतो म्हणून ठेवलेला कार्यक्रम वेळापत्रक बदलताच सहज काढताही येतो, आणि ‘बिट्स’ला 2001 पलीकडे आयुष्य लाभले नाही.

त्यानंतरची कडी स्कॉटलंडमध्येच जुळते. रॉबर्ट फ्लॉरेन्स आणि रायन मॅक्लाउड यांनी 2004 मध्ये ‘कन्सोलव्हेनिया’ हा कार्यक्रम स्वतःच चित्रित करून इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. त्याच्या जोरावर 2005 मध्ये बीबीसी स्कॉटलंडने त्यांच्याकडून ‘व्हिडिओगायडन’ करवून घेतला आणि तोही रात्री उशिराच दाखवला. टीव्हीवरील गेमचा कार्यक्रम आता इंटरनेटवरून घडून येऊ लागला होता. त्याच वर्षी यूट्यूब सुरू झाले आणि लवकरच गेमप्रेमींना कोणत्याही वाहिनीच्या वेळापत्रकाची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. 2021 मध्ये ‘गेम्समास्टर’चे पुनरुज्जीवन झाले ते याच फ्लॉरेन्स यांच्या निवेदनाखाली. पॅट्रिक मूर यांच्या जागी वृत्तनिवेदक ट्रेव्हर मॅक्डोनल्ड आले, आणि अवघ्या तीन भागांचा हा कार्यक्रम चॅनल 4 च्याच ‘ई4’ वाहिनीने आधी आपल्या यूट्यूब पानावर दाखवून मगच टीव्हीवर आणला.