आवाज गुंडाळून ठेवता येत नाही

आज आइस हॉकी, उद्या बास्केटबॉल, परवा रॉक बँड. मोठ्या बंदिस्त अरीनात जमीन बदलणं हे तुलनेनं सोपं काम. हॉकीचा बर्फ जेमतेम तीन-चार सेंटिमीटर जाड असतो आणि खालच्या काँक्रीटमधल्या नळ्यांतून गार द्रव फिरत राहतो. त्यावर उष्णतारोधक फळ्या अंथरल्या आणि लाकडी कोर्टाचे तुकडे जोडले, की झालं. खेळाडू धावतात तेव्हा पायाखाली बर्फ तसाच गोठलेला असतो. पंचाईत होते ती आवाजाची.

खेळाला गोंगाट हवा असतो. प्रेक्षकांची आरोळी छतावर आदळून परत आली, की दहा हजारांचे वीस हजार वाटतात. गायकाला हाच घुमारा नकोसा होतो, कारण मागचा शब्द विरायच्या आत पुढचा त्यावर येऊन बसतो.

या घुमण्याचं गणित अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात सापडलं. 1895च्या सुमारास तिथल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कुणाला धड कळेना. शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकावर हे निस्तरायची जबाबदारी आली. ते रात्रीच्या शांततेत दुसऱ्या सभागृहातल्या गाद्या उचलून आणत, ऑर्गनची नळी वाजवत आणि आवाज विरायला लागणारा वेळ मोजत. गाद्या वाढल्या की वेळ घटे. त्यातून आलेलं सूत्र आजही वापरात आहे: खोलीचं घनफळ गुणिले 0.161, भागिले एकूण शोषण. उत्तर येतं तो निनादकाल, म्हणजे आवाज 60 डेसिबलनं उतरायला लागणारा वेळ.

शोषण मोजायचं उघड्या खिडकीच्या चौरस मीटरांत, कारण खिडकीबाहेर गेलेला आवाज परत येत नाही. समजा, अरीनाचं घनफळ दोन लाख घनमीटर आणि भिंती, छत, रिकाम्या खुर्च्या मिळून शोषण 5,000. निनादकाल साधारण साडेसहा सेकंद. एक माणूस, कपड्यांसकट, ढोबळमानानं अर्धा चौरस मीटर शोषतो. दहा हजार माणसं आली की आकडा थेट निम्म्यावर! प्रेक्षक हा या इमारतीतला सर्वांत महत्त्वाचा ध्वनिशोषक, आणि तो तिकीट काढून आत येतो.

पण हा हिशेब खालच्या सुरांना लागू पडत नाही. 100 हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास साडेतीन मीटर. कपडे किंवा छतातली काही सेंटिमीटर खनिज लोकर तिला फारशी अडवत नाही. त्यामुळे झांजा स्वच्छ आणि बासचा मात्र चिखल, हा अनुभव अरीनांत नेहमीचा. माझ्या मते ‘साउंड सिस्टीम वाईट होती’ या तक्रारीतला निम्मा दोष खोलीचा असतो.

अंतराचा त्रास वेगळाच. मंचापासून 68 मीटरवर आवाज 0.2 सेकंद उशिरा पोहोचतो. म्हणून मध्ये टांगलेल्या स्पीकरांना मुद्दाम तेवढंच थांबवतात, नाहीतर मागच्यांना प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल. लंडनच्या 1871 सालच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये घुमटामुळे असंच व्हायचं. अखेर 1969मध्ये छताखाली फायबरग्लासच्या तबकड्या टांगल्या गेल्या. दिसायला अळंब्या, नावही तेच पडलं.

दुपारच्या साउंड चेकला हॉल रिकामा असतो आणि गाणं गुहेत वाजल्यासारखं येतं. मिक्सरवरचा माणूस तरीही फार खटपट करत नाही. त्याचे दहा हजार शोषक अजून बाहेर रांगेत उभे असतात.