बैलाच्या पाठीवरचा दुष्काळ

सन १६३० मध्ये गुजरात, खानदेश आणि दख्खनवर पावसाने पाठ फिरवली. पुढच्या वर्षी गुजरातेत आधी टोळ आणि उंदीर आले, मग अतिवृष्टीने उरलेसुरले पीकही गेले. शहाजहानच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो की, भाकरीच्या मोबदल्यात लोक जीव देऊ करीत, तरी घेणारा मिळत नसे. एकट्या गुजरातेत तीस लाख माणसे दगावल्याचा अंदाज तेव्हाच्या युरोपीय पत्रव्यवहारात आढळतो. देहूत तुकोबांची पहिली पत्नी 'अन्न अन्न' करीत गेली, ती याच काळात.

त्याच सुमारास माळव्यात मात्र धान्य होते. ते सुरतेला का पोहोचले नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी बैलाच्या पोटात आहे.

त्या काळी घाटवाटांनी धान्य हलवीत ते बंजारे, लमाणांचे तांडे. पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याला १६३२ मध्ये आग्र्याहून पाटण्याला जाताना धान्याने लादलेल्या सुमारे १४,००० बैलांचा तांडा भेटला होता. गोणी पाठीवर घेतलेला बैल दिवसाला जेमतेम दहा-बारा किलोमीटर चालतो, कारण उरलेला वेळ त्याला चरायला लागतो. हे चरणे फुकटचे असते, म्हणूनच ही वाहतूक स्वस्त पडत असे.

आता वाटेवर गवतच नाही, असे धरू. माळव्यातून सुरत साधारण ४०० किलोमीटर, म्हणजे सुमारे चाळीस दिवसांची वाट. बैलाला रोज सहा किलो कोरडी वैरण धरली, तरी एकेरी प्रवासालाच २४० किलो वैरण लागते, आणि पाठीवरचे ओझे असते शंभर-सव्वाशे किलो. हिशेब तिथेच बुडतो. जो अवर्षणकाळ माणसाचे धान्य नेतो, तोच ते आणणाऱ्या जनावराची वैरणही नेतो.

त्यात बादशहा स्वतः बंडखोर सरदार खानजहान लोदी आणि निजामशाहीविरुद्धच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात तळ देऊन होता. जे तांडे चालत होते, त्यांचे धान्य आधी छावणीकडे वळे. बुऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरतेत लंगर उघडले गेले, बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले गेले आणि खालसा, म्हणजे थेट बादशहाच्या ताब्यातील, मुलखातील सुमारे सत्तर लाखांचा सारा माफ झाला, हे मान्य करायला हवे. पण बाजारात दाणाच नसेल, तर हातातल्या रुपयाने विकत घ्यायचे तरी काय?