मोठ्यांच्या वॉर्डातून बाळांच्या कक्षात: ग्रामीण विदर्भातील परिचारिकांसाठी पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

ग्रामीण रुग्णालयात मेडिसिन, सर्जरी किंवा कॅज्युअल्टीत काम करणाऱ्या सिस्टरला एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचा विशेष कक्ष), एनबीएसयू (नवजात बाळांना स्थिर करणारा छोटा कक्ष) किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात (एनआरसी) जायचे असेल, तर बहुतेक वेळा नवी पदवी लागत नाही. जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्राची पदविका) किंवा बी.एस्सी. नर्सिंग आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची चालू नोंदणी एवढी मूळ पात्रता पुरते. घोडे अडते ते कागदांपाशी, आणि त्यातही अनुभवाच्या दाखल्यापाशी. फक्त एएनएम (साहाय्यक परिचारिका-प्रसाविका) झालेल्यांना स्टाफ नर्सच्या पदासाठी अर्ज करता येत नाही. त्यांच्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके आहेत: दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक एएनएम. हे पथक अंगणवाड्या आणि शाळांमध्ये जाऊन मुलांची तपासणी करते.

कुठे जायचे ते आधी ठरवा, कारण कामे वेगळी आहेत. एसएनसीयूत 28 दिवसांपर्यंतची आजारी बाळे आणि 1800 ग्रॅमपेक्षा कमी वजनाची बाळे दाखल होतात. एनआरसीत प्रामुख्याने 6 ते 59 महिन्यांची तीव्र कुपोषित मुले येतात, ज्यांना सोबत आजारपण आहे, सूज आहे किंवा भूकच लागत नाही. तिथे सुया कमी, पण एफ-75 (कुपोषित मुलांसाठीचे सुरुवातीचे उपचारात्मक दूध) मोजून पाजणे, रोज वजन घेणे आणि आईला थांबवून धरणे हे काम चिकाटीचे. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलता येत असेल तर ते अर्जात जरूर लिहा. गुण मिळोत न मिळोत, आईशी तिच्या भाषेत बोलणारी सिस्टर वॉर्डात हवीच असते.

कायम सेवेतील अधिपरिचारिकांनी त्याच रुग्णालयात कक्ष बदलून हवा असल्यास परिसेविकांच्या (वॉर्डच्या इन-चार्ज सिस्टरच्या) शिफारशीसह अधिसेविकांकडे (मेट्रनकडे) लेखी अर्ज द्यावा. ग्रामीण रुग्णालयात तो वैद्यकीय अधीक्षकांकडे जातो. तोंडी विनंतीवर विसंबू नका. आवक क्रमांक टाकलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. एसएनसीयूत प्रशिक्षण घेतलेल्या सिस्टरना वारंवार दुसरीकडे हलवू नये असा दंडक असल्याने जागा सहसा कोणाची बदली झाली की मोकळी होते. सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात, म्हणून अर्ज त्याच्या आधी पोहोचलेला बरा.

खासगी दवाखान्यातून येणाऱ्यांसाठी मुख्य दार म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी भरती. जाहिरात जिल्हा परिषदेच्या किंवा जिल्ह्याच्या संकेतस्थळावर लागते आणि मुदत थोडीच असते, त्यामुळे कागद आधीच तयार हवेत. लागतात ते असे: जन्मतारखेचा पुरावा, दहावी-बारावी, नर्सिंगच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, नोंदणी प्रमाणपत्र आणि त्याचे नूतनीकरण, अधिवास, राखीव जागेसाठी जातीचा दाखला व लागू असल्यास नॉन-क्रीमीलेअर, आणि लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र. शुल्काचा डिमांड ड्राफ्ट मागितला असेल तर तो जाहिरातीत छापलेल्या नावानेच काढा. एक शब्द इकडेतिकडे झाला तरी अर्ज बाद होऊ शकतो.

परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते आणि त्यासाठी निरंतर परिचर्या शिक्षणाचे तास दाखवावे लागतात. लग्नानंतर आडनाव बदलले असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जोडा. छिंदवाडा, बालाघाट, राजनांदगाव किंवा आदिलाबादकडे शिकलेल्यांनी मूळ राज्याच्या परिषदेचे ना-हरकत घेऊन महाराष्ट्रात नोंदणी करून घ्यावी. ही नोंदणी जाहिरात आल्यावर हाती घेतली तर मुदतीत क्वचितच पुरी होते.

आता अनुभवाचा दाखला. "सदर परिचारिका आमच्याकडे कार्यरत होत्या, वर्तणूक चांगली" एवढ्या मजकुराने भागत नाही. लेटरहेड, जावक क्रमांक, पदनाम, रुजू व कार्यमुक्त झाल्याची तारीख, सही-शिक्का आणि कोणत्या कक्षात काम केले हे सारे हवे. प्रसूती कक्षात न्यूबॉर्न कॉर्नर (जन्मलेल्या बाळाची तिथेच काळजी घेण्याची जागा) सांभाळला असेल, मुलांचे सलाईन-इंजेक्शन पाहिले असेल, तर दाखल्यात तसे शब्द मागून घ्या. खरे असेल तेवढेच. नोंदणीच्या तारखेआधीचा अनुभव धरत नाहीत.

प्रशिक्षणात नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाचे दोन दिवसांचे वर्ग आधी मिळवा. एसएनसीयूसाठी एफबीएनसी (रुग्णालयातील नवजात बाळांच्या काळजीचे प्रशिक्षण) लागते: चार दिवस वर्ग आणि मग दोन आठवडे मोठ्या केंद्रात प्रत्यक्ष काम. त्यासाठी नाव रुग्णालयाकडून जाते. पुढे शिकायचेच असेल तर नवजात परिचर्येचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. स्टाफ नर्स म्हणून किमान एक वर्षाचा अनुभव हवा. एम.एस्सी. नर्सिंगला बी.एस्सी.त 55 टक्के आणि एक वर्षाचा अनुभव मागतात. आमच्या मते आधी कक्षात पाय रोवावा, मग डिप्लोमा.

मोठ्यांच्या वॉर्डातून आलेल्या हाताची खरी परीक्षा औषधाच्या मात्रेत होते. जेंटामायसिनच्या 2 मिलीच्या अँप्युलमध्ये 80 मिग्रॅ असते. डॉक्टरांनी बाळाला 8 मिग्रॅ लिहिले, तर भरायचे 0.2 मिली. मोठ्यांना अख्खे अँप्युल द्यायची सवय असलेला हात 2 मिली भरतो, आणि बाळाला दहापट मात्रा जाते. म्हणून 1 मिलीची सिरिंज वापरा, आजचे वजन पाहून हिशेब कागदावर मांडा आणि दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्या. सलाईनला मायक्रोड्रिप सेट: 60 थेंब म्हणजे 1 मिली. श्वास मोजताना दोन महिन्यांखालील बाळाचा मिनिटाला 60 किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत 50 किंवा जास्त हा जलद धरतात. तो पूर्ण एक मिनिट मोजायचा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचा नाही, कारण बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. बाळाच्या कक्षात घेण्याआधी इन-चार्ज सिस्टर बहुधा हेच विचारतात.